पाणी वरून आलं

चिमी : दादा, ह्यातून बुडबुडे येतायत.

दादा : काय करतेयस तिथे? ती टाकी गिऱ्हाइकांच्या रेडिएटरची आहे. हात काळे होतील, बाजूला हो.

चिमी : झालेत काळे. एका नळीवर अंगठा दाबलाय, दुसरीतून हवा सोडलीय, बाबा करायचे तसं. बघ, इथून एक, इथून एक, आणि ह्या कोपऱ्यातून तर नुसती माळ लागलीय. हा रेडिएटर माझ्या कम्प्युटरचाच ना? फळीवर अगदी मागे होता, गोणपाटाखाली.

दादा : गोणपाट कशाला उचललंस?

चिमी : नवा कम्प्युटर आलाय म्हणून. म्हटलं, दादाने एवढ्या हौसेने केलेलं आहे, कम्प्युटर गार ठेवायचं ते पाण्याचं सगळं ह्या नव्याला परत बसवून घेऊ. पंखे पुन्हा गिरणीसारखे घरघरायला लागलेत, चित्र काढायला बसलं की डोकं उठतं. आणि लावण्याआधी टाकीत बुडवून बघावं एवढं शिकलेय मी ह्या दुकानात. हा गळतोय कधीपासून?

दादा : पडून पडून झाला असेल. पाच आठवडे झाले काढून. ओल असते इकडे.

चिमी : ओलीने भोकं पडतात? मग त्याच फळीवरच्या बाकीच्या दहांना का नाही पडली? दादा, माझ्याकडे बघून बोल.

दादा : एक गिऱ्हाईक यायचंय गं. त्याची गाडी तापतेय, सकाळपासून दोनदा फोन झाला.

चिमी : येऊ दे की. हा ॲल्युमिनियमचा आहे.

दादा : हो.

चिमी : आणि आत प्रोसेसरवर बसवलास तो ठोकळा तांब्याचा.

दादा : हो. लेथवर मीच काढला. आतल्या खाचा बघितल्यास तर...

चिमी : खाचांचं कौतुक नंतर करू. तांबं आणि ॲल्युमिनियम, एकाच पाण्यात. इथे येणाऱ्या प्रत्येक माणसाला तू काय सांगतोस?

दादा : चिमे.

चिमी : सांग ना. तोंडपाठ असेल तुला.

दादा : दोन धातू एका पाण्यात घालू नका. तांबं ॲल्युमिनियमला खातं.

चिमी : त्या टेम्पोवाल्याला ह्याच्यावरून किती फैलावर घेतलं होतंस. मी ह्याच स्टुलावर बसले होते. "अहो, शाळेतल्या पोराला कळतं हे." मग तुला कसं नाही कळलं?

दादा : कळत होतं.

चिमी : काय म्हणालास?

दादा : कळत होतं म्हणालो. तांब्याचाही होता एक माझ्याकडे, जुन्या गाडीच्या हीटरचा. चांगला होता. पण एका बाजूने चेपलेला, काळपट. तुझ्या कॅबिनेटला मी ग्राइंडरने खिडकी कापली होती, ॲक्रिलिकची काच लावली, कडेने गाडीच्या दाराचं रबर फिरवलं. म्हणजे आतलं सगळं बाहेरून दिसणार. त्यात तो काळा चेपका बसवायचा जीव होईना. हा चांदीसारखा चमकत होता, मापातही नेमका बसला. म्हटलं, वर्षभर तरी ह्याला काही होत नाही. तोवर बदलून टाकू.

चिमी : चमकत होता म्हणून.

दादा : तुझा नवरा म्हणाला होता ना, बाजारात तयार मिळतं, विकत आणू. मी म्हटलं, घरात माणूस असताना विकतचं कशाला. एकदा असं बोलून बसल्यावर ते विकतच्यापेक्षा देखणं व्हायलाच हवं होतं.

चिमी : देखणं झालं होतं, मी नाही कुठे म्हणतेय? जो येईल त्याला हाताला धरून आत नेत होतास. ही बघा बरणी, हा माशांच्या टाकीचा पंप, निळं पाणी कसं फिरतंय, आहे का आवाज? मीही नेत होते लोकांना. माझ्या दादाने केलंय म्हणून.

दादा : तेवढं नको काढूस.

चिमी : वर्षभर टिकणार होतं. किती टिकलं?

दादा : चार महिने. खरं म्हणजे तिसऱ्यातच पाणी गढूळ व्हायला लागलं होतं.

चिमी : थांब. तिसऱ्या महिन्यात तुला ठाऊक होतं?

दादा : जेवायला आलो होतो तुमच्याकडे. तुम्ही सगळे आत. मी सहज वाकलो, तर बरणीच्या तळाला पांढरा गाळ. तिथल्या तिथे पाणी बदललं.

चिमी : आणि निळा रंग घातला नाहीस. मी विचारलं होतं तुला. तू म्हणालास, रंगाने नळ्या डागाळतात.

दादा : रंगात गाळ दिसत नाही. किती धरतोय ते मला बघायचं होतं. म्हणून मग दर रविवारी...

चिमी : म्हणून तू दर रविवारी यायला लागलास. आणि आई आम्हाला म्हणत होती, बघा, लेकाला माया आली.

दादा : मायाही होती गं.

चिमी : असेल. दर रविवारी येऊन बघत होतास, तर काढलं का नाहीस?

दादा : दर खेपेला ठरवून निघायचो की आज सांगायचं आणि उतरवून न्यायचं. दारात आलो की तुझा नवरा म्हणायचा, या कारागीर. चेष्टेने म्हणाला असता तर सोपं होतं, तो मनापासून म्हणायचा. मग जीभ उचलायची नाही. गुपचूप बदलावं म्हटलं, तर तू त्याच्यासमोरून हलायची नाहीस, तुझ्या पुस्तकाची चित्रं चाललेली. पुढच्या रविवारी करू, मग त्याच्या पुढच्या.

चिमी : आणि मंगळवारी फुटलं.

दादा : हो.

चिमी : मी फोन केला, कम्प्युटर बंद पडलाय, खाली पाणी आहे. तू अर्ध्या तासात हजर. मला किती धीर आला होता तुला बघून. तू वाकून आत बघितलंस, आणि काय म्हणालास?

दादा : पुरे आता, चिमे.

चिमी : तूच म्हण. मला तुझ्या तोंडून ऐकायचंय.

दादा : म्हणालो, माझे सांधे कोरडे आहेत. पाणी वरून आलं.

चिमी : वर काय होतं?

दादा : खिडकी.

चिमी : खिडकीत?

दादा : आईच्या कुंड्या.

चिमी : कुंड्या, शेजारी रिकामी झारी, आणि मागे आई उभी. मी कॅबिनेटच्या झाकणाला हात लावून बघितलं नाही, ते ओलं आहे की कोरडं. बरणी का रिकामी म्हणून विचारलं, तर तू म्हणालास मीच काढलं पाणी, आणखी सांडायला नको. झालं, तू म्हणालास म्हणजे तसंच. मग मी आईकडे वळले. मी तिला काय बोलले ते तू ऐकलंस. चार महिन्यांची चित्रं गेली होती, मी भानावर नव्हते, पण बोलले ते बोललेच. म्हटलं, तुझ्या हातात आता काही द्यायची सोय राहिली नाही. तू तिथेच होतास. स्क्रू काढत होतास.

दादा : ऐकलं.

चिमी : तेव्हापासून ती झाकणाच्या पेल्यातून पाणी पिते. लहान मुलांचा असतो तसला, स्वतः मागून घेतला. भरलेलं भांडं उचलत नाही. मला विचारते, "चिमे, हे इथून तिथे ठेवू का गं?" कुंड्यांना मी पाणी घालते आणि ती हात मांडीवर ठेवून बघत बसते.

दादा : बघितलंय मी.

चिमी : बघितलंस आणि जेवून उठलास.

दादा : बोल, हवं ते बोल. एक करता येईल का? आपण सांगू की पंपच खराब निघाला. कोणाचाच दोष नाही. आईच्या मनावरचं ओझं उतरेल, आणि...

चिमी : आणि?

दादा : आणि मीही सुटेन.

चिमी : छान. अरे, निदान हे भंगारात तरी घालायचंस. पुरावा गोणपाटाखाली जपून ठेवणारा चोर मी पहिल्यांदाच बघतेय.

दादा : दोनदा भंगारवाल्याच्या दारापर्यंत नेलं. टाकवलं नाही. वाटलं, हेही नाहीसं केलं की मग मलाच खरं वाटायला लागेल, पाणी वरून आलं ते.

चिमी : शटर ओढ. त्या गिऱ्हाइकाला उद्या ये म्हणावं. आणि हे असंच ओलं पिशवीत घे, पुसू नकोस.

(त्याच दुपारी, चिमीच्या घरी. आई खिडकीशेजारच्या खुर्चीत बसली आहे.)

आई : आज कुठे रविवार आहे? बस, बस. चेहरा का उतरलाय तुझा? चिमे, त्याला पाणी दे. मी दिलं असतं, पण नको, तूच दे.

दादा : पाणी नकोय मला. आई, तुझ्याशी बोलायचंय.

आई : दुकान बंद ठेवून? बरं आहे ना सगळं?

दादा : त्या दिवशी तुझ्या हातून पाणी सांडलं नाही. माझा रेडिएटर फुटला होता. हा बघ. इथे बोट लाव.

आई : खरखरीत लागतंय.

दादा : भोकं आहेत ती. पाणी इथून गळलं. तू काही केलं नाहीस.

आई : चिमे, तू बोलावून आणलंस ना ह्याला? काल मला जरा वाईट वाटत होतं ते सांगितलंस?

चिमी : नाही गं. तो खरं सांगतोय.

आई : कसलं खरं. हा लहानपणापासून असाच. शेजाऱ्यांची काच फोडायचीस तू, आणि हा जाऊन उभा राहायचा, मी फोडली म्हणून. राजा, म्हातारीला बरं वाटावं म्हणून आपल्या कामाला नावं ठेवू नयेत. तुझ्या हातचं कधी गळलंय का?

दादा : हे गळलं.

आई : बाबांच्या हाताखाली शिकलेला तू. तांब्याच्या संगतीला ॲल्युमिनियम ठेवायचं नाही, हे ऐकून ऐकून मला पाठ झालंय. मी आयुष्यात एक रेडिएटर उघडला नाही. आणि तू ठेवशील?

दादा : ठेवलं.

आई : का?

दादा : चमकत होतं म्हणून.

आई : मला नाही पटत. आणि मला चांगलं आठवतंय ना रे. झारी उचलली, उजव्या हाताला थरथर आली, ती कलली. कॅबिनेटच्या कडेवर पाणी पडलं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. झारी रिकामी होती नंतर, तीही बघितली मी.

चिमी : आई, आम्ही इतक्यांदा म्हटलं, म्हणून तुला तसं आठवायला लागलं.

आई : असं कुठे असतं का? जे झालंच नाही ते माणसाला दिसेल? हात गेला म्हणून मनाची समजूत घातली होती मी. आता डोकंही गेलं म्हणता?

दादा : डोकं शाबूत आहे तुझं. ऐक माझं. त्याच्या आधीचं आठव. सकाळी झारी भरलीस. मग?

आई : मग खिडकीत ठेवली.

दादा : आणि?

आई : आणि बेल वाजली. चिमीचं काहीतरी पार्सल आलं होतं. चष्मा सापडेना, सही कुठे करायची ते दिसेना, तो माणूस घाई करत होता. तेवढ्यात चिमी ओरडली. मधलं मला सलग सांगता येत नाही.

दादा : मध्ये काही नाहीच. तू खिडकीपाशी परत गेलीच नाहीस.

चिमी : तुला काय माहीत? तू तर नंतर आलास.

दादा : झारी भरलेली होती.

चिमी : कधी?

दादा : मी आलो तेव्हा. खिडकीत होती, गळ्यापर्यंत भरलेली. तिच्यातला थेंबही गेला नव्हता. मी आत वाकलो, रेडिएटर बघितला, काय झालंय ते कळलं. मान वर केली तर समोर झारी. तुम्हा दोघींना फडकी आणायला पाठवलं. तुम्ही आत गेलात आणि मी ती कुंड्यांत ओतली. सगळी. परत आलात तेव्हा म्हणालो, पाणी वरून आलं.

चिमी : दुकानात हे सांगितलं नाहीस.

दादा : नाही.

चिमी : इतकं सगळं वदवून घेतलं मी तुझ्याकडून. तरी हे मागे ठेवलंस.

दादा : मी गप्प बसलो, एवढं सांगता येत होतं. हे नव्हतं सांगता येत. वाटलं, ह्याच्याशिवायही भागेल.

आई : त्या दिवशी कुंड्यांखालच्या ताटल्या भरून वाहत होत्या.

दादा : हो.

आई : भिंतीवर ओघळ आला होता. मी कोणाला बोलले नाही, गुपचूप पुसून घेतलं. म्हटलं, एकदा पाणी घालून मी पुन्हा घातलं की काय, आणि लक्षातच नाही आपल्या. तेव्हापासून सकाळी उठले की मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा म्हणून बघते. येतोय का अजून.

चिमी : आई गं.

आई : येतो. रोज येतो. तरी दुसऱ्या दिवशी परत म्हणून बघते.

दादा : आई, मला तोंड दाखवायला जागा नाही. तू दोन थोबाडीत मार.

आई : तुला मारून माझं गेलेलं काय परत येणार आहे? दुसऱ्याचं अंगावर घेणारा मुलगा म्हणून मी तुला चार लोकांत मिरवत आले. आत्ताही तेच सांगत होते. सरक जरा, उजेड अडतोय. दे तो रेडिएटर इकडे. एवढासाच?

दादा : एवढासाच.

आई : मी काय करून बसलेय ते तुम्हाला माहीत नाही. चिमे, तू बाहेर गेली होतीस तेव्हा तुझ्या वहीतून त्या पुस्तकाच्या संपादकबाईंचा नंबर घेतला मी.

चिमी : तू त्यांना फोन केलास?

आई : चित्रं वेळेवर गेली नाहीत तर पुस्तक तुझ्या हातून जाईल, ह्या धास्तीने. सांगितलं, माझ्या मुलीचा दोष नाही, मी पाणी सांडलं. चांगल्या बोलल्या त्या. म्हणाल्या, आजी, वयाने होतं असं, मनाला लावून घेऊ नका, पण आता जपून राहा, गॅसपाशी वगैरे एकट्या जात जाऊ नका. मी हो हो म्हटलं. ओळख ना पाळख, त्या बाईने मला माझ्या घरात कुठे जायचं ते सांगितलं, आणि मी म्हटलं, हो बाई, नाही जाणार.

चिमी : म्हणून त्या दर वेळी विचारतात, आईंकडे लक्ष आहे ना तुमचं. मला वाटायचं, किती ही आपुलकी. आई, मीही त्या दिवशी तुला जे बोलले...

आई : तुझं नंतर. तुझा नंबर ह्याच्यामागे आहे.

दादा : मी काय करू ते सांग. सांगशील ते करतो.

आई : त्यांना फोन लाव.

दादा : आत्ता?

आई : कामाची वेळ आहे, जागेवर असतील. माझ्या तोंडून चुकीचं गेलंय, ते तू तुझ्या तोंडाने सुधार. इथेच बसून. मला ऐकायचंय.

दादा : आई, मी घरातल्या सगळ्यांना सांगतो. तुझ्या जावयाला सांगतो, आज तो आला की लगेच. पण त्या बाईंना मी ओळखतही नाही.

आई : मीही ओळखत नव्हते.

चिमी : घे. रिंग जातेय.

दादा : नमस्कार बाई. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकाची चित्रं काढते ना, तिचा भाऊ बोलतोय. नाही, नाही, ती बरी आहे, चित्रं येतील वेळेवर. दुसरंच सांगायचं होतं. मागे आमच्या आईने तुम्हाला फोन केला होता... हो, त्याच आजी. तर, तिच्या हातून पाणी सांडलं नव्हतं. कम्प्युटर गार ठेवायला मी घरीच एक पाण्याचं यंत्र करून बसवलं होतं. ते गळलं. माझं काम चुकलं होतं, आणि चुकलंय ते मला महिनाभर माहीत होतं... नाही बाई, तिला बरं वाटावं म्हणून नाही सांगत. खरंच तसं झालं. तिचा हात चांगला आहे, आणि बाकीही सगळं चांगलं आहे... हो. हो, होतात चुका माणसाकडून. आभारी आहे. तुम्ही एवढं समजून घेतलंत, मला वाटलं नव्हतं. बरं मग, ठेवू...

आई : झारी.

दादा : बाई, थांबा, ठेवू नका. अजून सांगायचं राहिलंय.